रेयॉन झाडापासून बनतं, मग ते इको-फ्रेंडली झालं का?

ठाण्याच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न आहे हा. ती आणि तिची बहीण मिळून घरून कुर्त्यांचा छोटा धंदा सुरू करतायत. तिचं म्हणणं थोडक्यात असं, "काकू, व्यापाऱ्याने रेयॉन दिलं आणि म्हणाला की हे झाडापासून बनतं, प्लास्टिक नाही, एकदम इको-फ्रेंडली. आम्ही टॅगवर 'सस्टेनेबल' छापायला टाकतोय. पण पहिल्या ४० कुर्त्यांतले काही धुतल्यावर दोन-दोन इंच आखूड झाले. व्हिस्कोस, रेयॉन, मोडाल, बांबू, लायोसेल यांत नेमका फरक काय, आणि खरंच चांगलं असं कुठलं घ्यायचं?"

अगं, आधी ते टॅग छापायचं थांबव. बाकीचं सगळं निवांत सांगते, कारण माझी २७ वर्षं याच कापडात गेली, आधी डोंबिवलीला एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये आणि मग अंधेरीला गारमेंटवाल्यांसाठी कापड खरेदी आणि क्वालिटी बघण्यात, आणि या 'झाडापासून बनतं' वाक्याने जितक्या नवीन लोकांना फसलेलं बघितलंय तितकं दुसऱ्या कशाने नाही. वाक्य खोटं नाहीये, म्हणून तर ते खपतं. व्हिस्कोस झाडापासूनच बनतं. पण ते झाड कुठल्या जंगलातलं, आणि त्या झाडाचा धागा करताना वापरलेलं केमिकल शेवटी गेलं कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. आणि तिसरा प्रश्न तुझ्या हातातला, तो कुर्ता किती वर्षं टिकला.

पहिलं म्हणजे नावं. मार्केटमध्ये ज्याला रेयॉन म्हणतात ते आणि व्हिस्कोस हे आपल्याकडे एकच समज. जुने लोक आर्ट सिल्क म्हणायचे, म्हणजे आर्टिफिशियल सिल्क. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी याची पद्धत शोधली आणि १९०५ पासून कोर्टोल्ड्स कंपनीने कॉव्हेंट्रीला ते मोठ्या प्रमाणात बनवायला घेतलं, तेव्हा सगळ्यांना हवं होतं ते स्वस्त रेशीम. आजही तुझ्या गिऱ्हाइकाला तेच हवंय बघ, रेशमासारखं सुळसुळीत पडणारं, अंगाला गार लागणारं आणि खिशाला परवडणारं. त्यात चूक काहीच नाही. मुंबईच्या घामाला व्हिस्कोस खरंच चांगलं, हवेतला ओलावा ते स्वतःच्या वजनाच्या ११ ते १३ टक्के धरतं, कॉटन साधारण ८ टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याच्याही खाली, म्हणून मे महिन्यात लोकलमध्ये पॉलिस्टरचा टॉप पाठीला चिकटतो आणि रेयॉनचा नाही.

आता बनतं कसं ते नीट ऐक, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

कॉलेजात आम्हाला एकदा लॅबमध्ये करून दाखवलं होतं, मी ते आजही विसरले नाही. लाकडाचा पांढरा लगदा, पुठ्ठ्यासारखे तक्ते असतात, ते कॉस्टिक सोड्यात भिजवले, पिळून कुस्करले, पोह्यांसारखा भुगा झाला. तो थोडा मुरू दिला. मग सरांनी फ्यूम हुडच्या, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या कपाटाच्या आत, काच खाली ओढून, त्यावर कार्बन डायसल्फाइड घातलं आणि काही तासांत तो पांढरा भुगा चक्क नारिंगी झाला, झेंडूच्या पाकळ्या चुरगळल्यासारखा. तो परत सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट चिकट रस तयार होतो. इंग्रजीत असल्या दाट चिकट पदार्थाला व्हिस्कस म्हणतात, त्यावरूनच व्हिस्कोस. दुसऱ्या दिवशी सरांनी तो रस इंजेक्शनच्या सुईतून गंधकाम्लाच्या बाथमध्ये सोडला आणि सुईच्या टोकापासून पांढरा धागा निघायला लागला, आम्ही पोरी बघतच राहिलो. आणि त्याच क्षणी नासक्या अंड्याचा असा भपकारा आला की दोघी-तिघी बाहेर पळाल्या.

तो वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. धागा ॲसिडमध्ये घट्ट होताना कार्बन डायसल्फाइड पुन्हा सुटं होतं, त्यातलं काही तसंच बाहेर पडतं, काहीचं हायड्रोजन सल्फाइड होतं. धाग्यात यातलं काहीही उरत नाही, धुऊन झालेला धागा म्हणजे शुद्ध सेल्युलोज, कापसात असतं तेच. त्यामुळे रेयॉन घातल्याने अंगाला केमिकल लागतं वगैरे जे मेसेज फिरतात ते सोडून दे, घालणाऱ्याला याचा त्रास नसतो. त्रास होतो तो बनवणाऱ्याला आणि कारखान्याच्या आजूबाजूला राहणाऱ्याला. आणि प्रमाण थोडंथोडकं नाही, लगद्यातल्या सेल्युलोजच्या वजनाच्या साधारण ३० टक्के एवढं कार्बन डायसल्फाइड लागतं. म्हणजे १०० किलोला ३० किलो. ते ४६ डिग्रीला उकळतं, हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतं, आणि नुसत्या गरम स्टीम पाइपवर पेटू शकतं. त्याहून वाईट म्हणजे ते मज्जासंस्थेवर जातं. १८५६ मध्येच डेल्पेश नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हेच केमिकल हाताळणाऱ्या रबर कामगारांमध्ये हे लिहून ठेवलं होतं, डोकं फिरणं, हातपाय लुळे पडणं, भयानक स्वप्नं. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटन आणि फिनलंडमधल्या व्हिस्कोस कामगारांचा अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे ज्या धाग्याला आपण नॅचरल म्हणून डोक्यावर घेतो त्याची किंमत कुणीतरी असं स्वतःच्या शरीराने चुकवलेली आहे. मला हे दरवेळी सांगावंसं वाटतं, कारण ताका हातात घेतल्यावर यातलं काही दिसत नाही, दिसतं फक्त मऊ छान कापड.

यावर उपाय नाही का, तर आहे. आणि इथेच 'चांगलं व्हिस्कोस' आणि 'नुसतं व्हिस्कोस' यांचे रस्ते वेगळे होतात. चांगल्या कारखान्यात स्पिनिंगची मशीनं बंदिस्त असतात, वायू ओढून घेतात, कार्बन डायसल्फाइड थंड करून किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनवर पकडून परत प्रोसेसमध्ये घालतात, उरलेल्या गंधकापासून गंधकाम्ल बनवून ते पुन्हा त्याच बाथला वापरतात. बाथमधून सोडियम सल्फेट निघतं, ते डिटर्जंटवाले विकत घेतात. याला क्लोज्ड लूप म्हणतात. लूप शंभर टक्के बंद कधीच नसतं, पण किती बंद आहे यात कारखान्या-कारखान्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे सगळं बसवायला पैसा लागतो, म्हणून कागद नसलेलं सगळ्यात स्वस्त रेयॉन दिसलं की मला पहिली शंका हीच येते की पैसा नेमका कुठे वाचवलाय.

२०१७ मध्ये चेंजिंग मार्केट्स नावाच्या संस्थेने चीन, इंडोनेशिया आणि भारतातल्या व्हिस्कोस कारखान्यांच्या आसपासच्या प्रदूषणावर रिपोर्ट काढला, त्यानंतर बऱ्याच मोठ्या परदेशी ब्रँडनी सप्लायरकडे हिशोब मागायला सुरुवात केली. आमच्या ऑफिसात तोपर्यंत बायर शेड, जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, आणि डिलिव्हरी एवढंच विचारायचे. त्यानंतर विचारायला लागले की फायबर कुठल्या प्लांटचं. मी स्वतः तोपर्यंत कधी विचारलं नव्हतं, १५ वर्षांहून जास्त खरेदी करूनसुद्धा.

आणि हे काही लांबच्या देशातलं नाही बरं का. केरळमध्ये मावूरला ग्वाल्हेर रेयॉन्सचा कारखाना १९६० च्या दशकात सुरू झाला, सरकारने जंगलातला बांबू नाममात्र दराने दिला, हजारो लोकांना काम मिळालं, आणि चालियार नदीचं पाणी आणि हवा अशी झाली की तिथल्या गावकऱ्यांनी कित्येक वर्षं लढा दिला. के. ए. रहमान हे वाळक्काड गावचे पुढारी त्यात आघाडीवर होते, ते स्वतः कॅन्सरने गेले. शेवटी कारखाना बंद पडला, म्हणजे जंगल गेलं, नदी गेली आणि मग नोकऱ्याही गेल्या. सस्टेनेबल शब्द वापरताना मला मावूर आठवतं.

आता जंगलाकडे ये. व्हिस्कोससाठी लागतो तो लगदा साधा कागदाचा नाही, जास्त शुद्ध असतो, त्याला डिझॉल्व्हिंग पल्प म्हणतात. निलगिरी, स्प्रूस, बीच, अकेशिया अशा झाडांपासून होतो. आपल्याकडे फायबर बनतं ते मध्य प्रदेशात नागद्याला, गुजरातमध्ये खरच आणि विलायतला, कर्नाटकात हरिहरला, हे सगळे ग्रासिमचे म्हणजे बिर्ला सेल्युलोजचे प्लांट. नागद्याचा तर १९५४ पासून चालू आहे. इथे जवळ शहाडला सेंच्युरी रेयॉन आहे, तिथे फिलामेंट यार्न होतं, ते लांब सलग चकचकीत धाग्याचं, जॉर्जेट आणि एम्ब्रॉयडरीला लागतं ते. पण बिर्लांच्या पल्प मिल स्वीडनमध्ये डोमशोला आणि कॅनडात आहेत, म्हणजे भिवंडीच्या लूमवर विणलेलं तुझं कापड मुळात स्वीडनमधलं स्प्रूसचं झाड असू शकतं. ते झाड शेतीसारखं लावून कापलेलं असेल तर एक गोष्ट, आणि इंडोनेशियातलं पावसाळी जंगल किंवा कॅनडातलं शेकडो वर्षांचं जुनं जंगल तोडून आलेलं असेल तर दुसरी. कॅनडाची कॅनोपी म्हणून संस्था आहे, तिच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी ३० कोटींहून जास्त झाडं अशा कापडांसाठी तोडली जातात. ही संस्था जगभरातल्या व्हिस्कोस उत्पादकांना जंगलाच्या बाबतीत गुण देते, हॉट बटन रिपोर्ट नावाने ते निघतं, त्यात हिरव्या शर्टांची चित्रं असतात, गडद हिरवा म्हणजे चांगला. नेटवर फुकट बघता येतं. पण एक लक्षात ठेव, त्या शर्टांचा मुख्य हिशोब जंगलाचा असतो, कारखान्याचा धूर त्यावरून पूर्ण कळत नाही.

बाकीची नावं आता पटापट. मोडाल हे व्हिस्कोसचंच सुधारलेलं भावंड, ओलं असताना व्हिस्कोसपेक्षा जास्त मजबूत, खूप मऊ, पण बनवताना कार्बन डायसल्फाइडच लागतं, त्यामुळे नुसतं मोडाल म्हटल्याने ते आपोआप चांगलं होत नाही. आपल्याकडे अजरख छापलेलं 'मोडाल सिल्क' येतं, त्यात दरवेळी रेशीम असतंच असं नाही, विचारून घे. बांबू म्हणून विकतात ते बहुतेक सगळं व्हिस्कोसच, लगदा बांबूचा एवढंच, कॉस्टिक तेच, केमिकल तेच, आणि बांबूत असलेले जे काही गुण सांगतात ते विरघळून पुन्हा धागा होताना राहत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या दुकानांवर कारवाई केली ती रेयॉनला बांबू म्हणून विकल्याबद्दल, दोघांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. 'मस्लिन' म्हणून जे मऊ तलम कापड हल्ली मिळतं तेही बऱ्याचदा व्हिस्कोस किंवा मोडाल निघतं. क्युप्रो किंवा बेम्बर्ग वेगळं, ते कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून होतं, तांब्याच्या द्रावणात विरघळवून.

लायोसेल मात्र खरंच वेगळं. त्यात कार्बन डायसल्फाइड नाहीच. लगदा एनएमएमओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये सरळ विरघळवतात, धागा पाण्यात घट्ट होतो आणि ते सॉल्व्हंट ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून पुन्हा वापरतात. टेन्सेल हे ऑस्ट्रियाच्या लेन्झिंग कंपनीचं ब्रँडनेम, बिर्लांचं लायोसेल एक्सेल नावाने येतं. ओलं असतानाही ते बरंच मजबूत राहतं. पण घासलं की त्याच्या तंतूंना बारीक फाटे फुटतात आणि कापड पिचल्यासारखं दिसतं, गडद रंगात जास्त, म्हणून चांगला प्रोसेसवाला ते फाटे काढायला एन्झाइम वॉश देतो. घेताना आधी हातभर तुकडा घेऊन दोनदा धुऊन बघ. मला स्वतःला विचारशील तर बजेट असेल तेव्हा मी लायोसेल घेते, नसेल तेव्हा ट्रेस होणारं व्हिस्कोस, आणि या दोन्हींतलं काहीच जमत नसेल तेव्हा साधं चांगलं कॉटन. विनाकागदाचं रेयॉन 'ग्रीन' म्हणून विकत घेत नाही, म्हणजे घेतलं तरी ग्रीन म्हणून विकत नाही.

ट्रेस होणारं म्हणजे काय, तर लेन्झिंगचं इकोवेरो आणि बिर्लांचं लिवाइको. इकोवेरोला युरोपियन युनियनचं इकोलेबल आहे, आणि साध्या व्हिस्कोसपेक्षा पाण्यावरचा आणि उत्सर्जनाचा परिणाम निम्मा असल्याचं कंपनी सांगते. दोन्हींच्या धाग्यात ओळख पटवता येईल अशी खूण असते, म्हणजे शिवलेल्या कुर्त्याचा तुकडा तपासूनही हे खरंच ते आहे का सांगता येतं, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा आहे कारण यार्न, लूम, डाइंग आणि व्यापारी अशा चार हातांतून जाताना कागद बदलू शकतात, धागा बदलला तर पकडता येतो. इथे एक गफलत खूप होते, लिवा आणि लिवाइको एक नाहीत. लिवाचा टॅग बघून लोकांना वाटतं झालं, इको आलं. लिवा हे त्यांच्या कापडाचं जनरल ब्रँडनेम, लिवाइको वेगळं घ्यावं लागतं. कापसाच्या कापडाचे कटपीस लगद्यात मिसळून केलेलं व्हिस्कोसही आता येतं, बिर्लांचं लिवा रिव्हायव्हा तसलं. दिशा चांगली आहे पण छोट्या खरेदीदाराला सहज हाताला लागत नाही.

सर्टिफिकेटांचं सांगते. व्यापारी हमखास ओइको-टेक्स दाखवेल. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार कापडात अंगाला घातक असं काही शिल्लक नाही. चांगलंच आहे, लहान मुलांचे कपडे करणार असशील तर माग. पण त्यात जंगल नाही आणि कारखान्याचं धुराडं नाही. जंगलासाठी एफएससी, म्हणजे लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं असल्याचं सर्टिफिकेट, त्याचा कोड कागदावर असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघ की तो त्याच कंपनीच्या नावावर चालू आहे का, दोनदा मला दुसऱ्याच गिरणीचा जुना कागद हातात ठेवलेला आहे. 'ऑरगॅनिक रेयॉन' असं कुणी म्हणालं तर उठून ये, तसं काही नसतं, ऑरगॅनिक हे शेतीचं सर्टिफिकेट आहे.

दुकानात गेल्यावर व्यापाऱ्याशी भांडायला जाऊ नकोस, त्यालाही वरून काही सांगितलेलं नसतं. शांतपणे विचार की शेठ, यार्न कुठल्या स्पिनिंग मिलचं, फायबर कुठलं, वोर्टेक्स आहे की रिंग, या सूत कातायच्या दोन पद्धती. वोर्टेक्स सुताला लव कमी असते त्यामुळे बोळे कमी येतात, कुर्त्याला ते बरं. '१४ किलो रेयॉन' म्हणतात तो वजनाचा हिशोब, आकडा मोठा तितकं कापड जड, पण किलोवरून क्वालिटी ठरत नाही, खळ आणि फिनिश चढवूनही कापड जड वाटतं. बिलावर फायबरचं नाव लिहून माग. तोंडी 'हो मॅडम इकोच आहे' याला काही किंमत नाही, बिलावर लिहायला जो तयार होतो त्याच्याकडे परत जायचं.

आणि स्वतः तपासायची सवय लाव. कापडाच्या काठाची एक दशी ओढ. घरी स्टीलच्या ताटलीत ती पेटव, दुकानात नाही. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरली जाणारी हलकी राख म्हणजे सेल्युलोज, कॉटन किंवा व्हिस्कोस. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर मिसळलंय. मग दुसरी दशी घे, मधोमध पाण्याचा थेंब लाव आणि दोन्ही टोकं धरून ओढ. व्हिस्कोस असेल तर ओल्या जागीच पटकन तुटतं, जोर लागतच नाही. कॉटन ओल्या जागी तुटत नाही, उलट तिथे जास्त मजबूत असतं. माझ्या सासूबाईंना मी हे एकदा करून दाखवलं होतं, त्यांनी कपाटातली 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेली तीन ड्रेस मटेरियलं काढली आणि त्यातली दोन ओल्या जागी तुटली.

याच्यातच तुझ्या आखूड कुर्त्यांचं उत्तर आहे. व्हिस्कोस ओलं झालं की फुगतं आणि त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. डाइंग-प्रिंटिंगमध्ये कापड ओलं असताना मशीनवर ताणलं जातं, लांबीला खेचून मीटर वाढवायचा मोहही असतो, आणि ते तसंच सुकवून ताक्याला गुंडाळतात. मग तुझ्या गिऱ्हाइकाच्या बादलीत ते पहिल्यांदा मोकळं होतं आणि आपल्या मूळ लांबीवर येतं. कटिंगच्या आधी ५० सेंटीमीटरचा चौकोन पेनाने आखायचा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा, न पिळता सुकवायचा, इस्त्री करून परत मोजायचा. लांबीत दीड सेंटीमीटर गेला म्हणजे ३ टक्के, तेवढं पॅटर्नमध्ये धरता येतं. ४७ च्या खाली आलं तर सगळा ताका आधी पाण्यातून काढून घे, मगच कात्री लाव. प्रत्येक ताक्याचं वेगळं करायचं, एकाच रंगाचे दोन ताके वेगवेगळे आटतात.

हे सस्टेनेबलच्या प्रश्नात कुठून आलं असं वाटेल, पण दोनदा धुऊन फेकलेला इकोवेरोचा कुर्ता आणि पाच वर्षं घातलेला साधा कॉटनचा कुर्ता यांत मी दुसऱ्यालाच चांगला म्हणेन. म्हणून शिवताना बाजूच्या शिवणीला दाब जास्त ठेव, व्हिस्कोस शिवणीपाशी सरकतं, काखेत आणि बाजूच्या कटच्या टोकाला एक्स्ट्रा टाका मार. आणि टॅगवर 'सस्टेनेबल' ऐवजी धुण्याच्या सूचना मराठीत मोठ्या अक्षरात लिही, थंड पाणी, उलटं करून, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं सुकवायचं, किंचित ओलं असताना उलट्या बाजूने इस्त्री. मुंबईच्या पावसाळ्याचं वेगळं लिही, कारण व्हिस्कोस ओलावा धरून ठेवतं, जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट ओलं कपाटात गेलं की बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. खळ घालून ठेवलं तर कसर लागते ती वेगळीच.

रंगाचं एक राहिलं. कितीही चांगलं फायबर घेतलं आणि डाइंगवाल्याने रंगाचं पाणी तसंच नाल्यात सोडलं तर अर्धं काम पाण्यात. काळा, नेव्ही असे गडद रंग घ्यायचे असतील तर डोप-डाइड मिळतं का विचार, त्यात रंग त्या मधासारख्या रसातच मिसळतात आणि धागा रंगीतच बाहेर येतो, वेगळ्या डाइंगचं पाणी वाचतं आणि रंगही फिका पडत नाही. प्रोसेस हाउसकडे सांडपाण्याच्या ट्रीटमेंटचं बघून यायला मिळालं तर एकदा जाऊन बघच, मी गेले तेव्हाच मला नीट समजलं.

छोट्या माणसाची खरी अडचण मात्र क्वांटिटीची. मिल म्हणते हजार मीटर घ्या, तुला लागतं दीडशे. तुझ्यासारख्या दोघी-तिघींनी मिळून एक शेड घ्या, प्रिंट वेगवेगळं करा. किंवा एक्स्पोर्ट सरप्लस बघ, परदेशी ऑर्डरचं उरलेलं चांगलं कापड मुंबईत मिळतं आणि पडून राहण्यापेक्षा त्याचे कुर्ते झालेले कधीही चांगले. पण कागद सोबत नसेल तर त्याला 'सरप्लस कापड' एवढंच म्हण, त्याच्यावर दुसऱ्याचं नाव लावू नकोस. आणि भावाचं घाबरू नकोस, मीटरचा फरक सरळ कुर्त्यावर वाटून बघ, अडीच मीटरला मीटरमागे ४० रुपये जास्त म्हणजे कुर्त्याला १०० रुपये, तेवढ्यात आखूड होऊन परत येणारा एकही कुर्ता वाचला तर हिशोब जुळतो.

टॅगवर काय लिहायचं तर जे बिलावर आहे तेच. '१०० टक्के व्हिस्कोस', आणि कागद असेल तर 'लिवाइको व्हिस्कोस' किंवा 'एफएससी प्रमाणित लगद्यापासून', पण त्यांचं नाव-लोगो छापण्याआधी त्यांची परवानगीची पद्धत असते ती पूर्ण कर. नुसतं ग्रीन, इको-फ्रेंडली, सस्टेनेबल असं मोघम छापायला आता कायद्यानेही अडचण आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर गाइडलाइन्स काढल्यात, दावा केला तर पुरावा दाखवावा लागतो. बायोडिग्रेडेबलही लिहू नकोस, धागा कुजतो हे खरं पण त्याला लावलेली पॉलिस्टरची चेन, शिलाईचा दोरा आणि लेबल कुजत नाही.

परत आलेल्या कुर्त्यांचं म्हणशील तर फेकू नकोस आणि स्वस्तात काढूही नकोस. आता ते आटून झालेत, यापुढे फारसे आटणार नाहीत. खालची दुमड सोडली तर इंचभर मिळतो, नाहीतर त्याच रंगाच्या कटपीसची पट्टी खाली लावून घे, किंवा सरळ गुडघ्यापर्यंतचे टॉप म्हणून 'आधी धुतलेले' असं लिहून विक. आणि पुढच्या ताक्याचा हातभर तुकडा कापून घेऊन ये, भिजवून मोजू आणि मगच बाकीच्याला कात्री लाव.